दाजींनी दिलेले एंडमिल घरच्या सीएनसीवर चालतील का?

प्रश्न बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका तरुणाचा आहे. तो घरी सीएनसी राउटर, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमावर कोरणारं-कापणारं मशीन, बांधतोय. ४०८० चं अॅल्युमिनियम प्रोफाइल, १६०५ चे बॉलस्क्रू, एचजीआर २० रेल, नेमा २३ मोटर आणि टूल फिरवणारा, ईआर ११ कोलेटचा (कोलेट म्हणजे टूल आवळून धरणारी बाही) ८०० वॉटचा वॉटर-कूल्ड स्पिंडल एवढं सामान आलंय. गॅन्ट्रीच्या, म्हणजे स्पिंडल घेऊन बेडवरून सरकणाऱ्या कमानीच्या, प्लेटा अजून व्हायच्या आहेत. मशीन उभं राहिलं की त्यावर सागाचं कोरीवकाम, दुकानांच्या पाट्या आणि जमलं तर ६ मिमीची अॅल्युमिनियम प्लेट कापायची आहे. त्याचे दाजी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत व्हीएमसीवर, म्हणजे कारखान्यातल्या मोठ्या सीएनसी मिलिंग मशीनवर, असतात. त्यांनी वापरलेले ८, १० आणि १२ मिमीचे चार फ्लूटचे कार्बाइड एंडमिल, म्हणजे टोकाला आणि बाजूला धार असलेले चार दातांचे टूल, डबाभर दिलेत. ते चालतील का, की ऑनलाइन मिळणारा तीस बिटांचा सेट मागवावा, आणि बोथट झालेल्या टूलला धार लावून मिळते का, असं त्याचं विचारणं आहे.

आधी डब्याचा निकाल लावू. ईआर ११ कोलेटमध्ये ७ मिमीच्या वरचा शँक, म्हणजे टूलची दांडी, बसतच नाही. म्हणजे दाजींचा एकही टूल तुमच्या स्पिंडलला लागत नाही. पण उद्या तुम्ही ईआर २० चा मोठा स्पिंडल घेतलात, त्यात १३ मिमीपर्यंतचा शँक बसतो, तरी मी हे टूल लावू नका असंच म्हणेन. त्याचं कारण नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी खरेदी त्याच्यावरच ठरते.

टूल निवडताना बहुतेक जण आधी मटेरियल बघतात. लाकडाला हा, अॅल्युमिनियमला तो. व्हीएमसीवर ते चालतं, कारण ते मशीन तीन-चार टनांचं असतं आणि टूल मागेल तेवढा फीड, म्हणजे पुढे सरकायचा वेग, देतं. घरच्या मशीनवर उलट्या टोकाने सुरुवात करायची. माझं मशीन किती फीड देतं, किती आरपीएमला फिरतं आणि किती वाकतं, हे आधी. मग त्यात बसेल असा टूल.

हिशोब साधा आहे. फीड म्हणजे आरपीएम गुणिले फ्लूटची संख्या गुणिले एका दाताने एका फेऱ्यात काढलेल्या चिपची, म्हणजे किसाची, जाडी. अॅल्युमिनियममध्ये लहान टूलच्या एका दाताने साधारण ०.०३ मिमीची चिप काढायला हवी. समजा चार फ्लूटचा टूल १८००० आरपीएमला फिरवला. १८००० गुणिले ४ गुणिले ०.०३, म्हणजे मिनिटाला २१६० मिमी फीड झाला. आता एक फ्लूटचा घ्या. तोच आरपीएम, तीच चिप, आणि फीड ५४० मिमी. तुमच्या १६०५ स्क्रूचा पिच ५ मिमी, म्हणजे २१६० ला स्क्रू मिनिटाला ४३२ फेरे फिरणार. मोकळं फिरायला ते काहीच नाही. पण अॅल्युमिनियममध्ये कट घेत त्या वेगाने जायचं, कोपऱ्यावर थांबायचं, परत वेग पकडायचा, हे प्रोफाइलच्या फ्रेमला झेपत नाही. मग माणूस घाबरून फीड ५०० वर आणतो, आरपीएम तोच ठेवतो. आता प्रत्येक दाताला मिळते ०.००७ मिमी. एवढ्या पातळ थरात धार घुसत नाही, नुसती घासते. घासली की तापते, तापली की अॅल्युमिनियम धारेला चिकटतं, दातांमधली जागा भरून जाते आणि टूल मोडतो. नवीन पोरांचे निम्मे टूल असे मोडतात, आणि प्रत्येक वेळी त्यांना वाटतं की फीड जास्त झाला. फीड कमी पडलेला असतो.

मग आरपीएम कमी करायचा, असं तुम्ही म्हणाल. हा स्पिंडल २४००० ला पूर्ण ताकद देतो. व्हीएफडीवर, म्हणजे स्पिंडलचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हवर, ४०० हर्ट्झला २४००० आरपीएम येतो, आणि वेग खाली आणाल तशी ताकदही त्याच प्रमाणात खाली येते. ८००० ला जेमतेम एक तृतीयांश उरते. दाजींच्या मशीनवर हाच १२ मिमीचा टूल बिडाच्या कास्टिंगवर बहुधा अडीच हजार आरपीएमच्या आसपास चालला असेल. तुमचा स्पिंडल त्या वेगाला नुसता कण्हेल. वेगाची गणितं जुळत नाहीत, एवढीच गोष्ट आहे. टूल वाईट नाही.

शिवाय त्या टूलवर काळपट जांभळं कोटिंग असेल तर ते बहुधा टायटॅनियम-अॅल्युमिनियम-नायट्राइड जातीचं असतं. पोलाद आणि बीड कोरडं, गरम कापायला ते उत्तम. अॅल्युमिनियमला मात्र तेच नडतं. त्या कोटिंगमध्येच अॅल्युमिनियम असल्यामुळे जॉबचं, म्हणजे कापायच्या तुकड्याचं, अॅल्युमिनियम त्याला लवकर चिकटतं. अॅल्युमिनियमला बिनकोटिंगचा, आतून आरशासारखा पॉलिश केलेला टूल घ्या, किंवा डीएलसी (हिऱ्यासारख्या कार्बनचं) नाहीतर झिर्कोनियम नायट्राइडचं कोटिंग असलेला. सोनेरी दिसतो म्हणून टायटॅनियम नायट्राइडचा उचलू नका. झिर्कोनियमचा रंग फिका पिवळा असतो आणि दुकानदाराला फरक माहीत असेलच असं नाही. पाकिटावर वाचा.

डबा फेकून मात्र देऊ नका. कार्बाइडच्या भंगाराला किलोवर बरा भाव मिळतो, लोखंडाच्या भंगारात ते मिसळणं म्हणजे पैसे टाकणं. आणि दाजींकडून एंडमिल घेण्यापेक्षा त्यांच्या मालकांना विचारून व्हीएमसीचे दोन तास घ्या. गॅन्ट्रीच्या प्लेटा तिथे करून आणा. हा माझा या सगळ्या उत्तरातला सर्वांत कळकळीचा सल्ला आहे. घरी हातड्रिलने मारलेल्या भोकांवर रेल बसवायची, मग ती सरळ आणायला शिम, म्हणजे पातळ पत्र्याचे तुकडे, घालत आठवडे घालवायचे, हे मी इथे फार बघितलंय. आपल्याकडे उद्यमबाग आणि मच्छेची औद्योगिक वसाहत आहे, जॉबवर्क करणारे शॉप गल्लोगल्ली आहेत. सगळ्यांनाच ही सोय इतकी हाताशी नसते. दोन बाजूंच्या प्लेटा एकावर एक ठेवून एकाच सेटिंगमध्ये भोकं मारून घ्या, म्हणजे डावी-उजवी बाजू आपोआप सारखी येते.

तरी हाताने करायचं काम उरतंच. प्रोफाइलचे तुकडे अॅल्युमिनियमच्या खिडक्या करणाऱ्याकडे कापून घ्या. त्याच्या माइटर सॉवर शंभर-एकशेवीस दातांचं, निगेटिव्ह रेकचं, म्हणजे दात मागे कललेलं, कार्बाइड ब्लेड असतं आणि टोक काटकोनात येतं. हॅक्सॉने तसं येणार नाही. ४० सिरीजच्या प्रोफाइलमध्ये टोकाचं भोक बहुधा ६.८ मिमीचं असतं, म्हणजे सरळ एम ८ चा टॅप मारून आटे पाडता येतात. पण कंपनीगणिक फरक पडतो, व्हर्नियर लावून बघा. बाकी टॅपसाठी ड्रिल लक्षात ठेवा. एम ३ ला २.५, एम ४ ला ३.३, एम ५ ला ४.२, एम ६ ला ५. एचजीआर २० ची रेल एम ५ च्या बोल्टवर बसते, ६० मिमीला एक भोक, त्यामुळे ४.२ चे ड्रिल तीन-चार घेऊन ठेवा, बाकीचे एकेक पुरे. कोबाल्टच्या ड्रिलची गरज नाही, ते स्टेनलेसला लागतात. अॅल्युमिनियमला साधा चांगला एचएसएस (हाय-स्पीड स्टील) ड्रिल घ्या. अॅडिसन, मिरांडा, टोटेम ही नावं आपल्या दुकानांत पूर्वीपासून आहेत, त्यांतलं काहीही चालेल. टॅप तीनचा सेट घ्या, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, आणि तेलाशिवाय टॅप मारू नका. प्लेटमध्ये मोडलेला टॅप काढायचं काम मशीन बांधण्यापेक्षा अवघड आहे.

जाता जाता, बेळगावात इंडाल आहे म्हणून अॅल्युमिनियमची प्लेट स्वस्त मिळत असेल असं पुष्कळांना वाटतं. इंडाल, म्हणजे आताचं हिंडाल्को, इथे अल्युमिना करतं, पांढरी पावडर. प्लेट तुम्हाला स्टॉकिस्टकडूनच घ्यावी लागणार. घेताना ६०६१ किंवा ६०८२, टी ६ (म्हणजे कडक केलेलं), असं मागा. भांड्याच्या पत्र्यासारखं मऊ शुद्ध अॅल्युमिनियम स्वस्तात मिळालं तरी कापायला चिवट, टूलला चिकटणारं. ६०६१ ची चिप तुटून उडते. शिकताना तरी मऊ प्लेटच्या नादी लागू नका.

आता कोलेट. ही जागा लोक दुर्लक्षित ठेवतात आणि टूलच्या नावाने बोटं मोडतात. बाजारातल्या बऱ्याच लहान टूलचा शँक ३.१७५ मिमी असतो, म्हणजे एक अष्टमांश इंच. आपल्या सुतारांचं एक सूतच ते. ते ३ मिमीच्या कोलेटमध्ये ठोकून बसवायचं नाही. ३.१७५ चा वेगळा कोलेट मिळतो, तो घ्या. ६ मिमीचा वेगळा, ६.३५ म्हणजे दोन सुताचा वेगळा. ६ चा टूल ६.३५ च्या कोलेटमध्ये आवळला तर तो एका बाजूला कलंडतो. कोलेट आधी नटमध्ये खट्कन बसवायचा, मग नट स्पिंडलवर फिरवायचा, आणि मग टूल घालायचा. नुसता कोलेट स्पिंडलमध्ये टाकून वरून नट लावला तर कोलेट सरळ बसत नाही आणि टूल आउट फिरतो, म्हणजे मधोमध न राहता डुलत फिरतो.

आउट फिरणं म्हणजे काय ते आकड्यात बघा. दोन फ्लूटच्या टूलला एका दाताची चिप ०.०३ मिमी ठरवलीय आणि टूल डायल गेजवर, म्हणजे हे डुलणं मोजणाऱ्या घड्याळावर, ०.०५ दाखवतोय. म्हणजे एक दात सगळं काम करतो आणि दुसरा हवेत फिरतो. तुम्ही दोन फ्लूटचे पैसे दिले, चालतोय एकच, तोही दुप्पट चिप घेऊन. म्हणून डायल गेज विकत घ्या किंवा मागून आणा आणि टूलच्या शँकवर, नटपासून वीसेक मिमी खाली लावून स्पिंडल हाताने फिरवा. ०.०२ च्या आत आलं तर उत्तम. ०.०५ येत असेल तर महागडा टूल लावण्याआधी कोलेट बदला. चांगल्या कोलेटवर स्वस्त टूल चालतो, पण वाईट कोलेटवर महाग टूल टिकत नाही.

टूल जेवढा आखूड बाहेर ठेवता येईल तेवढा ठेवा. टूल वाकतो तो लांबीच्या घनाच्या प्रमाणात आणि व्यासाच्या चौथ्या घाताच्या उलट प्रमाणात. १२ मिमी बाहेर काढलेला टूल २४ मिमी बाहेर काढला तर तेवढ्याच दाबाला आठ पट वाकेल. ३ मिमीऐवजी ६ मिमीचा घेतला तर सोळा पट कमी वाकेल. मग सगळीकडे सहाचाच का वापरू नये? कारण सहाच्या टूलला जॉब कापायला जास्त जोर लागतो, आणि तो जोर टूलने सोसला तरी तुमची गॅन्ट्री, झेड अॅक्सिसचा (वर-खाली सरकणारा) ब्लॉक आणि स्पिंडलचा ब्रॅकेट सोसतील का हा प्रश्न आहे. लाकडात सोसतील. अॅल्युमिनियममध्ये आधी ३.१७५ चा एक फ्लूटचा लावा, मशीनचा आवाज ओळखीचा झाला की ६ चा एक फ्लूटचा लावून बघा.

३.१७५ च्या टूलला माझे सुरुवातीचे आकडे असे. आरपीएम १८०००, फीड ५४०, एका पासला खोली ०.३ ते ०.५ मिमी. या वेगाला धार मिनिटाला साधारण १८० मीटर धावते, कार्बाइडला अॅल्युमिनियममध्ये ते सहज मानवतं. यात अॅल्युमिनियम किती निघतं? मिनिटाला एक घन सेंटिमीटरसुद्धा नाही. ताकद लागते वीस-पंचवीस वॉट. स्पिंडल ८०० वॉटचा आहे. म्हणजे अडचण ताकदीची नाहीच, कडकपणाची आहे. म्हणून २.२ किलोवॉटचा स्पिंडल घ्यायच्या नादात झेडवर वजन वाढवू नका, ते पैसे प्लेटच्या जाडीत घाला. हत्तरगीच्या एसईझेडमध्ये विमानांचे अॅल्युमिनियमचे भाग कोरतात, तिथल्या मशीनचे व्हिडिओ बघून आपण खोली ठरवायची नसते.

अॅल्युमिनियममध्ये चिप बाहेर काढणं हे कापण्याइतकंच महत्त्वाचं. खाच खोल होत गेली की चिप आतच फिरते, परत परत कापली जाते आणि चिकटते. लहान कॉम्प्रेसरची हवा टूलच्या टोकावर सतत सोडा. वर रॉकेलचे किंवा डब्ल्यूडी-४० चे थेंब. आपल्या जुन्या मिस्त्रींचा रॉकेलवर भरवसा आहे आणि तो बरोबर आहे, फक्त ते पेट घेतं, हे ठिणगी उडणाऱ्या जागी लक्षात ठेवा. कूलंटची धार घरच्या मशीनवर नको. खालचा एमडीएफचा बेड पाणी पिऊन फुगतो आणि झेडचं माप जातं. पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीकडे तर एमडीएफ तसाही फुगतो. जूनमध्ये बेड एकदा परत सरफेस करायचा, म्हणजे वरून छिलून सपाट करायचा, हे गृहीत धरा. त्यासाठी २२ मिमीचा ६ मिमी शँकचा सरफेसिंग बिट मिळतो. एका पासला ०.३ मिमीपेक्षा जास्त घेऊ नका आणि १२०००-१४००० च्या वर फिरवू नका.

स्क्रूमध्ये थोडा जरी प्ले, म्हणजे ढिलेपणा, असेल तर अॅल्युमिनियममध्ये रफ कट कन्व्हेन्शनल दिशेने, म्हणजे दात फीडच्या विरुद्ध फिरतील असा, घ्या. क्लाइम्बमध्ये, म्हणजे याच्या उलट दिशेत, टूल जॉबला ओढतो, आणि प्ले असेल तेवढा झटका बसतो. शेवटचा ०.१ मिमीचा फिनिश पास क्लाइम्बने मारा, तिथे जोरच नसतो. दाजी व्हीएमसीवर सगळं क्लाइम्बनेच करतात, त्यांचं त्यांना बरोबर आहे.

लाकडाकडे येऊ. तुमचं खरं काम तिथंच होणार आहे. एमडीएफ आणि प्लायला ६ मिमीचा दोन फ्लूटचा कार्बाइड, १६००० आरपीएम, २५०० च्या आसपास फीड, खोली ३ मिमीपर्यंत. एचएसएसचा बिट एमडीएफवर वापरू नका. त्यातला गोंद धार खाऊन टाकतो आणि दोन शीटमध्ये धूर निघायला लागतो. सागाचं तसंच, वेगळ्या कारणाने. सागात सिलिका असते, ती धारेला घासते. जुन्या वाड्यांचे खांब-तुळया आणून कोरायच्या असतील तर आधी खिळे शोधा. लोहचुंबक फिरवा. गंजून आत तुटलेला एक खिळा चांगल्या टूलची धार घालवतो.

अपकट की डाउनकट, हा प्रश्न नेहमीचा. अपकट चिप वर काढतो आणि वरची कड उसवतो. डाउनकट वरची कड स्वच्छ ठेवतो, पण भुसा खाली दाबतो आणि खोल खाचेत तापतो. लॅमिनेट किंवा व्हीनियर लावलेल्या प्लायला डाउनकट घ्या, बाकी सगळीकडे अपकट. कॉम्प्रेशन बिट दोन्ही कडा स्वच्छ देतो, पण पहिलाच पास त्याच्या खालच्या अपकट भागापेक्षा खोल जायला हवा. तुमचं मशीन एका दमात तेवढं खोल जाणार नाही. कॉम्प्रेशनवर आता पैसे घालू नका.

कोरीवकामाला टेपर बॉलनोज, म्हणजे निमुळता आणि टोकाला गोल टूल, लागतो. ६ मिमीचा शँक आणि टोकाला १ मिमी त्रिज्या असलेला पहिला घ्या. बारीक नक्षीसाठी अर्ध्या मिमी त्रिज्येचा नंतर. इथे स्टेपओव्हरचा, म्हणजे शेजारच्या दोन रेघांमधल्या अंतराचा, हिशोब कळला तर वेळ वाचतो. १ मिमी त्रिज्येच्या टोकाने ०.२ मिमीचा स्टेपओव्हर ठेवला तर दोन रेघांमधला उंचवटा ०.००५ मिमी उरतो. ०.४ ठेवला तर ०.०२ मिमी. सागावर पॉलिश पेपर एकदा फिरवला की दोन्ही सारखेच. पण ३०० बाय ३०० मिमीच्या पॅनेलला ०.२ ने १५०० रेघा होतात, ४५० मीटरचा प्रवास, २००० फीडने पावणेचार तास. ०.४ ने निम्मा वेळ. आपल्याकडे पावसाळ्यात दुपारी लाइट जाणार हे धरूनच चालायचं असतं, तर दोन तासांत संपणारं काम केव्हाही बरं. लाइट गेलीच तर झेड वर न उचलता एक्स-वाय हलवू नका. टूल जॉबमध्ये अडकलेला असतो, हाताने गॅन्ट्री ढकलली की टेपरचं टोक जातं.

पाट्यांच्या बाबतीत एक गोष्ट सांगतो, जी बाहेरचे लोक सांगणार नाहीत. आपल्याकडे एकाच पाटीवर कन्नड आणि मराठी दोन्ही अक्षरं येतात, आणि दोन्हींना एकच टूल लावून चालत नाही. गोल टूल आतल्या कोपऱ्यात आपल्या त्रिज्येइतकी गोलाई सोडतो. कन्नड अक्षर मुळातच गोलाकार, ३ मिमीच्या एंडमिलने ते छान निघतं, गोलाई दिसतच नाही. उठावाच्या देवनागरी अक्षरात शिरोरेषेला काना येऊन मिळतो तिथे सरळ काटकोन असतो. तिथे ३ मिमीच्या टूलने १.५ मिमीची गोलाई राहते आणि अक्षर वितळल्यासारखं दिसतं. मोठ्या अक्षरांत खपून जातं. अक्षराची उंची ५०-६० मिमीच्या खाली आली की नजरेला बोचतं. मग अक्षराभोवतालचं मटेरियल ३ मिमीने काढा आणि कोपरे १ किंवा १.५ मिमीच्या टूलने. नाहीतर खोदीव अक्षर व्ही-बिटने करा. व्ही-बिट कोपऱ्यात शिरताना वर उचलला जातो आणि काटकोन धारदार येतो.

व्ही-बिटचा कोन अक्षराच्या जाडीवर ठरवा. अक्षराची रेघ १० मिमी रुंद असेल तर ९० अंशाचा बिट ५ मिमी खोल जातो, ६० अंशाचा ८.६६ मिमी. १२ मिमीच्या एमडीएफमध्ये दोन्ही चालतील, ८ मिमीच्या शीटमध्ये ६० चा आरपार जाईल. आणि बिटची स्वतःची रुंदी रेघेपेक्षा जास्त हवी. ६ मिमीचा बिट १० मिमीची रेघ एका फटक्यात काढू शकत नाही. एसीपीची (दोन अॅल्युमिनियमचे पत्रे आणि मधे प्लॅस्टिक असलेल्या शीटची) पेटी वळवायला ९० अंशाचाच, पण टोक चपटं असलेला व्ही-ग्रूव्ह बिट मिळतो. समोरचा पत्रा आणि त्यावर थोडं प्लॅस्टिक शिल्लक ठेवायचं. पत्र्याला धार लागली की वळवताना तिथेच तडा जातो. त्यासाठी बेड सपाट हवा, बिट कितीही चांगला असो.

अॅक्रिलिकला एक फ्लूटचा पॉलिश केलेला टूल, ज्याला ओ-फ्लूट म्हणतात, तोच लागतो. १६००० आरपीएमला १३००-१५०० फीड द्या, भिऊ नका. हळू गेलात की अॅक्रिलिक वितळून टूलभोवती गोळा होतो. शीट घेताना कास्ट मागा, एक्स्ट्रूडेड लवकर वितळतं. आणि अॅक्रिलिकवर स्पिरिट-अल्कोहोल मारू नका, कडेला बारीक तडे जातात. हवाच पुरे.

अजून एक, तुम्ही विचारलेलं नाही तरी. बेळगावात फाउंड्री आहेत म्हणजे पॅटर्नचं, म्हणजे वाळूत साचा उठवायच्या नमुन्यांचं, काम आहे. लाकडाचे, एमडीएफचे लहान पॅटर्न घरच्या मशीनवर होऊ शकतात. बिडाचं कास्टिंग थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून मॉडेल १.०१ पट मोठं करायचं आणि बाजूंना उतार द्यायचा, म्हणजे पॅटर्न वाळूतून सुटतो. टेपर टूलने उतार आपोआप येतो. पाट्यांच्या धंद्यात गर्दी आहे, इकडे ओळख लागते पण स्पर्धा कमी. फक्त बीड स्वतः कापायचा विचार करू नका. त्याची काळी बोरिंग, म्हणजे बारीक कीस, रेल आणि बॉलस्क्रूमध्ये शिरली की मशीन संपलं.

आता तीस बिटांच्या सेटचं. घेऊ नका. त्यात वीस बिट तुम्ही कधी लावणार नाही, आणि त्यातले जाळीदार दातांचे, ज्यांना कॉर्न बिट म्हणतात, ते सर्किट बोर्डच्या फायबरसाठी असतात. लाकडात ते भुसा भरून जळतात. त्याऐवजी ३.१७५ चे एक फ्लूटचे पॉलिश केलेले पाच घ्या, कारण शिकताना तीन मोडणार. कापायची लांबी १२ मिमी पुरे, २२ मिमीची लांब बघून घेऊ नका. ६ मिमीचे दोन फ्लूटचे अपकट दोन, डाउनकट एक. ६० आणि ९० अंशाचे व्ही-बिट एकेक. १ मिमी त्रिज्येचा टेपर बॉलनोज एक. १.५ मिमीचे दोन फ्लूटचे दोन, कोपऱ्यांसाठी. सरफेसिंग बिट एक. आणि कोलेट ३.१७५, ६ आणि जमल्यास ४ चा, हे मात्र बरे घ्या, पैसे वाचवायची ही जागा नाही. पहिले तीन-चार महिने यात सगळं भागतं. मग कुठला टूल लवकर संपतोय ते बघून पुढचं मागवा. चष्मा लावा, हातमोजे घालून फिरत्या टूलजवळ जाऊ नका, आणि एमडीएफ कापताना मास्कशिवाय उभं राहू नका. लाकडाचा बारीक भुसा फुप्फुसाला खरोखर वाईट.

धार लावायचं राहिलं. ३ मिमीच्या टूलला धार लावत बसू नका, मजुरी नव्या टूलएवढी होते. ६ आणि वरच्या टूलला लावता येते, पण घरच्या बेंच ग्राइंडरवर नाही. त्यावरचं करडं चाक अल्युमिनाचं असतं, कार्बाइडवर ते नुसतं झिजतं. कार्बाइडला डायमंड व्हील लागतं आणि फ्लूटचा कोन राखायला टूल अँड कटर ग्राइंडर. दाजींना विचारा, त्यांचं शॉप बाहेरून धार लावून घेतच असेल, त्यांच्या पन्नास टूलबरोबर तुमचे चार गेले तर स्वस्तात होतील. अॅल्युमिनियमच्या टूलला धार लावली की आतलं पॉलिश पूर्वीसारखं राहत नाही, ते टूल पुढे लाकडालाच वापरा. धार लागून आलेल्या टूलचा व्यास कमी झालेला असतो. मायक्रोमीटरने मोजा, पाकिटावर लिहा, आणि प्रोग्राममध्ये ६ न भरता जो आकडा आला तो भरा. टूल ५.८२ चा असताना ६ भरलं तर बाहेरून कापलेला तुकडा ०.१८ ने मोठा येईल आणि खाचेत बसणार नाही.